झीज कशी वाचावी?

“डॉक्टर, या टेन्शनची एखादी टेस्ट असते का हो?”

दवाखान्यात हा प्रश्न बहुधा अगदी शेवटी येतो. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, सगळे कागद टेबलावर मांडून झालेले असतात. सगळ्यांवर ‘नॉर्मल’ लिहिलेलं असतं आणि तरी समोर बसलेल्या बाईच्या अंगात त्राण नसतं. सोबत आलेली सासू किंवा नवरा एकदा कागदाकडे बघतात, एकदा तिच्याकडे. त्या नजरेचा अर्थ तिला नीट कळतो: कागदावर काही नाही, म्हणजे तुला काही झालेलं नाही. म्हणून ती विचारते. तिला एक साक्षीदार हवा असतो, घरच्यांसमोर ठेवता येईल असा, छापील.

तो साक्षीदार शोधायला आपण पानिपतला जाऊ.

१. पानिपतचं गोदाम

मराठी माणूस पानिपतला जातो तो काला आंब बघायला. शहराबाहेरच्या त्या स्मारकापुढे डोकं टेकवतो आणि दिल्लीची गाडी पकडतो. आजचं पानिपत त्याच्या नजरेतून सुटतं. हे गाव जुन्या कपड्यांवर जगतं. परदेशात टाकून दिलेले लोकरीचे कोट, स्वेटर गुजरातेतल्या कांडला बंदरातून इथल्या गोदामांत येतात. ढिगाशेजारी बायका बसलेल्या असतात. विळीसारख्या उभ्या पात्यावर त्या बटणं, चेन, अस्तर, लेबलं कापून काढतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. मग यंत्रं त्या चिंध्या पिंजून त्यांचं पुन्हा सूत करतात आणि त्या सुताची ब्लँकेटं होतात. भूकंपात, पुरात मदत म्हणून वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं पुष्कळदा इथलीच. मेघना गुप्ता यांच्या ‘अनरॅव्हल’ या २०१२ सालच्या लघुपटात इथल्या कामगार बायका एकमेकींत तर्क लढवतात, की तिकडे पाणी फार महाग असावं, धुणं परवडत नसेल, म्हणूनच ते लोक इतके चांगले कपडे टाकून देत असतील.

कपडा किती वापरला गेलाय हे लेबल सांगत नाही. ते कॉलर सांगते, कोपर सांगतं, खिशाची कड सांगते, काखेतली शिवण सांगते. एकाच जागी फाटलेला कोट कदाचित एकदा खिळ्याला अडकला असेल. चार जागी थोडा थोडा विरलेला कोट मात्र रोज कुणाच्या तरी अंगावर होता, यात शंका नाही.

शरीराचं असंच आहे. लांबलेल्या ताणाची खूण एका जागी ठळक सापडत नाही, ती चार जागी पुसट सापडते. मराठीत तिला नेमका शब्द आहे: झीज.

२. धक्का आणि ओझं

आधी दोन गोष्टी वेगळ्या करू. १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर जे झालं, त्याचा धक्का नानासाहेब पेशव्यांना बसला. २३ जूनला, म्हणजे पाच महिन्यांच्या आतबाहेर, ते पुण्यात पर्वतीवर गेले. सदाशिवरावभाऊंच्या पत्नी पार्वतीबाई मात्र १७८३ पर्यंत जगल्या. भाऊ गेले हे त्यांनी मानलंच नाही. मध्ये भाऊंचा तोतया उभा राहिला, त्याची चौकशी झाली, त्याला देहदंड झाला, आणि त्यानंतरही त्यांचं वाट बघणं संपलं नाही. बावीस वर्षं. आपल्या भाषेत पानिपत म्हणजे एका दिवसाचा विध्वंस. बायकांच्या वाट्याला आलेलं पानिपत पुष्कळदा असं बावीस वर्षांचं असतं.

शरीराची यंत्रणा धक्क्यासाठी बनलेली आहे. अंगावर कुत्रा धावून आला की क्षणार्धात अ‍ॅड्रेनलिन सुटतं, छाती धडधडते, हातपाय पळायला तयार होतात. पाठोपाठ, काही मिनिटांत, कॉर्टिसॉल हा संप्रेरक वाढतो. तो साठवलेली साखर रक्तात आणतो आणि पचन, दुरुस्ती अशी सवडीची कामं बाजूला ठेवायला लावतो. कुत्रा गेला की सगळं ओसरतं. यात वाईट काहीच नाही, उलट हे नसतं तर माणूस टिकलाच नसता.

हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाने १९३६ साली दाखवलं, की उंदरांना थंडी, इजा, विष अशा अगदी निरनिराळ्या मार्गांनी पीडा दिली तरी आत बिघाड एकाच तऱ्हेचा होतो: अ‍ॅड्रीनल ग्रंथी फुगतात, प्रतिकारशक्तीशी संबंधित थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. ताणाच्या शास्त्राची ही सुरुवात. पुढे प्रयोगशाळेत माणसं आली, पण ती बहुतेक पुरुष. शेली टेलर यांनी २००० साली मोजदाद मांडली तेव्हा आढळलं, की १९९५ पूर्वी ताणाच्या शारीरिक प्रतिक्रियांवरच्या अभ्यासांत बायकांचं प्रमाण साधारण १७ टक्के होतं. मासिक पाळीमुळे आकडे खालीवर होतात आणि हिशेब अवघड जातो, हे त्याचं एक कारण. ज्यांचा हिशेब अवघड, त्यांना वगळून हिशेब सोपा केला गेला. ही गोष्ट मला साधी वाटत नाही, कारण तिची किंमत दवाखान्यातल्या त्या बाईने मोजली आहे.

३. टाकीतला फ्लोट

आता कॉर्टिसॉलकडे. गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत फ्लोट असतो. पाणी चढलं की फ्लोट वर येतो आणि पाणी बंद होतं. कॉर्टिसॉलची व्यवस्था अशीच आहे. मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्यूटरी ग्रंथीला निरोप धाडतो, पिट्यूटरी मूत्रपिंडांवर बसलेल्या अ‍ॅड्रीनल ग्रंथींना निरोप धाडते आणि त्या कॉर्टिसॉल सोडतात. रक्तातलं कॉर्टिसॉल पुरेसं वाढलं की तेच मेंदूला सांगतं, आता पुरे. फ्लोट वर आला.

ओझं वर्षानुवर्षं उतरलंच नाही तर हा फ्लोट बिघडतो. कधी टाकी वाहत राहते. कधी उलटं होतं, मोटर थकते आणि पाणी चढतच नाही. म्हणूनच दीर्घ ताण सोसलेल्या काहींचं कॉर्टिसॉल जास्त भरतं, तर काहींचं चक्क कमी. ‘ताण म्हणजे कॉर्टिसॉल वाढलेलं’ हे वाक्य मोबाइलवर रोज फिरतं, पण ते अर्धंच खरं आहे.

शिवाय कॉर्टिसॉलला घड्याळ आहे. जाग आल्यावर तीसेक मिनिटांत ते दिवसातली सर्वांत मोठी उसळी घेतं, मग उतरत जातं आणि मध्यरात्रीच्या सुमारास तळाला पोचतं. समजा एकाच बाईचं रक्त सकाळी आठला घेतलं आणि रात्री अकराला पुन्हा घेतलं. दोन्ही आकड्यांत कैक पटींचा फरक येईल आणि दोन्ही बरोबर असतील. तेव्हा एकट्या आकड्याला अर्थ नाही, बघायचा तो उतार. त्यासाठी संशोधक दिवसातून चार-पाच वेळा लाळेचे नमुने घेतात. जाग आल्यावर ठळक चढ आणि रात्रीपर्यंत नीट उतरण, हे चांगल्या घड्याळाचं लक्षण. लांबलेल्या ताणात ही टेकडी पुष्कळदा सपाट झालेली दिसते: सकाळी उभारी नाही आणि रात्री शांतता नाही. “सकाळी उठवत नाही आणि रात्री झोप येत नाही,” असं बायका सांगतात, तेव्हा त्या जणू या सपाट टेकडीचंच वर्णन करत असतात.

बायकांच्या बाबतीत आणखी एक खाचखळगा आहे. गर्भनिरोधक गोळ्यांनी आणि गरोदरपणात रक्तातलं एक वाहक प्रथिन वाढतं. कॉर्टिसॉल त्याला चिकटून फिरतं, त्यामुळे रक्ताच्या तपासणीत एकूण आकडा फुगलेला दिसतो. त्या बाईवर ताण असेल किंवा नसेल, आकडा काही सांगत नाही.

४. केसांची रोजनिशी

लाळ एका दिवसाचं सांगते. महिन्यांचं कोण सांगेल? केस.

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. वाढताना रक्तातलं थोडं कॉर्टिसॉल त्यात अडकून बसतं. दूधवाल्याचा हिशेब आपण भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहीत जातो, तसा हा हिशेब आपोआप लिहिला जातो. डोक्याच्या मागच्या बाजूला टाळूलगत पेन्सिलीपेक्षाही बारीक अशी बट कापायची. टाळूपासूनचे पहिले तीन सेंटिमीटर म्हणजे गेले तीन महिने, पुढचे तीन म्हणजे त्याआधीचे. समजा एखादीच्या घरी चार महिन्यांपूर्वी मृत्यू झाला. तिच्या पहिल्या तुकड्यापेक्षा दुसऱ्या तुकड्यात आकडा चढलेला सापडू शकतो.

पण हे कॅलेंडर पाण्याने पुसट होतं. टाळूपासून पाच-सहा सेंटिमीटरच्या पुढे वारंवार धुतल्याने कॉर्टिसॉल विरून जातं. रंग आणि ब्लीच यांचाही परिणाम होतो. एवढ्या लांब वेण्या सोडणाऱ्या आपल्या बायकांच्या केसांतला भरवशाचा भाग बोटभरच! मात्र कोरड्या हवेत नीट राहिले तर केस फार टिकतात. पेरू देशात उत्खननात मिळालेल्या, शेकडो वर्षं जुन्या केसांतूनही कॉर्टिसॉल मोजून झालं आहे. ही तपासणी अजून मुख्यतः संशोधनाची आहे, गावातल्या लॅबमध्ये जाऊन मागावी अशी नव्हे.

तीन महिन्यांचा असाच हिशेब देणारी, पण सगळ्यांच्या ओळखीची तपासणी म्हणजे एचबीएवनसी. लाल रक्तपेशी साधारण १२० दिवस जगतात आणि तेवढ्या काळात रक्तातली साखर त्यांना चिकटत राहते. लांबलेल्या ताणात हा आकडाही वर सरकू शकतो. मात्र लोहाच्या कमतरतेने तो खोटाच थोडा जास्त दिसतो, आणि २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयोगटातल्या ५७ टक्के भारतीय बायका रक्तक्षयी निघाल्या. पानिपत ज्या हरियाणात आहे, तिथे ६०.४ टक्के.

५. गोव्यातला थकवा

रक्तक्षयाचं प्रमाण इतकं मोठं असेल, तर बायकांचा थकवा म्हणजे रक्त कमी, असं समीकरण कुणीही मांडेल. डॉक्टर मांडतात, बायका स्वतःही मांडतात. “अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा,” ही मागणी ज्याने ऐकली नाही असा खेड्यातला डॉक्टर सापडणार नाही.

गोव्यात विक्रम पटेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे समीकरण तपासलं. नोव्हेंबर २००१ ते मे २००३ या काळात, कुठलाही आजार बघून न निवडलेल्या तीन हजार बायकांची पाहणी ठरवली. सहा महिने किंवा जास्त काळ थकवा आहे का, हे विचारलं. हिमोग्लोबिन मोजलं. घरावर कर्ज आहे का, गेल्या तीन महिन्यांत उपाशी राहावं लागलं का, नवरा त्रास देतो का, मन कसं आहे, तेही विचारलं. निष्कर्ष २००५ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आले.

१२.१ टक्के बायकांना असा जुना थकवा होता. म्हणजे आठ बायकांमागे एकीला. आणि हिमोग्लोबिनशी त्याचा संबंध सापडला नाही. संबंध सापडला तो कमी शिक्षणाशी, कर्जाशी, भुकेशी. या गोष्टी हिशेबात धरून झाल्यावरही दोन गोष्टी ठळक उरल्या: मनाची बिघडलेली अवस्था आणि बाई म्हणून सोसावा लागणारा जाच. त्या जाचात नवऱ्याकडून होणारी लैंगिक जबरदस्ती सर्वांत पुढे होती.

हा परिच्छेद लिहिताना मी थांबलो. किती घरांत लोहाच्या गोळ्या आणून दिल्या गेल्या असतील, आणि किती जणींनी त्या मुकाट गिळल्या असतील. लोहाच्या गोळ्या वाईट नाहीत, रक्त कमी असेल तर त्या घेतल्याच पाहिजेत. पण थकवा कुठून येतोय हा प्रश्न हिमोग्लोबिनच्या आकड्यापाशी संपत नाही, हे आपल्याच कोकणपट्टीतल्या बायकांनी सांगितलेलं आहे.

यात कामाचे तासही धरा. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर पाहणीत, घरकाम करणाऱ्या बायका त्यावर दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवतात असं दिसलं. जे पुरुष घरकाम करतात, त्यांची ९७ मिनिटं. गोदामात दिवसभर पात्यासमोर बसून घरी गेलेल्या बाईसाठी ही मिनिटं पगाराच्या कामानंतर सुरू होतात.

६. जखम आणि पिको

ताण फक्त मनात आहे असं म्हणणाऱ्याला जेनिस किकोल्ट-ग्लेझर यांचा १९९५ सालचा प्रयोग सांगावा. अमेरिकेतल्या ओहायोमध्ये त्यांनी तेरा बायका घेतल्या. घरातल्या स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाची सेवा करणाऱ्या. आणि त्यांच्याच वयाच्या, साधारण तशाच परिस्थितीतल्या, पण हे ओझं नसलेल्या दुसऱ्या तेरा. सगळ्यांच्या हातावर साडेतीन मिलिमीटरची एकसारखी छोटी जखम केली आणि ती भरायला किती दिवस लागतात ते मोजलं. ओझं नसलेल्यांना सरासरी ३९.३ दिवस लागले, सेवा करणाऱ्यांना ४८.७. नऊ दिवसांचा फरक, आणि तोही उघड्या डोळ्यांना दिसणारा.

असं का होतं? कॉर्टिसॉलचं एक काम सूज आवरण्याचं आहे. पण घरात एखादा माणूस रोजच ओरडत राहिला की बाकीचे त्याच्याकडे लक्ष देईनासे होतात, तशा प्रतिकारशक्तीच्या पेशी कॉर्टिसॉलचं ऐकेनाशा होतात. मग हवी तिथे दुरुस्ती मंद होते आणि नको तिथे बारीक सूज धुमसत राहते. ही सूज सीआरपी नावाच्या साध्या रक्ततपासणीत दिसते. अर्थात ताप, सर्दी, दाढदुखी यांनीही सीआरपी वाढतो, म्हणून आजारी असताना केलेल्या चाचणीवरून ताणाचा अंदाज बांधू नये.

आता आणखी आत, पेशीच्या गाभ्यात. नवी साडी आणली की आपण तिला पिको करून घेतो. नाही केलं तर कडेचे धागे सुटत जातात. पेशीतल्या गुणसूत्रांच्या दोन्ही टोकांना निसर्गाने असंच पिको केलेलं आहे. त्याला टेलोमियर म्हणतात. पेशी दुभंगताना प्रत्येक वेळी ते थोडं आखूड होतं. फारच आखूड झालं की पेशी म्हातारी होते, दुभंगायची थांबते.

२००४ साली एलिसा एपेल आणि एलिझाबेथ ब्लॅकबर्न यांनी ५८ आयांचा अभ्यास छापला. त्यांतल्या ३९ जणींचं मूल दीर्घ आजारी होतं, बाकीच्यांची मुलं धडधाकट. नुसते दोन गट बघितले तर टेलोमियरमध्ये मोठा फरक नव्हता. पण आजारी मुलाची सेवा जितकी जास्त वर्षं, तितकं टेलोमियर आखूड. आणि ज्यांना स्वतःवरचा ताण सर्वांत जास्त जाणवत होता, त्यांच्या पेशी कमी ताण जाणवणाऱ्यांपेक्षा किमान दहा वर्षांनी म्हाताऱ्या दिसत होत्या. टेलोमियरच्याच मूलभूत कामासाठी ब्लॅकबर्न यांना २००९ चं नोबेल दोघांसोबत विभागून मिळालं.

हा अभ्यास फार गाजला. त्यानंतर इतरांनी पुष्कळ मोठे अभ्यास केले, त्यांत हा संबंध टिकला, पण तितका मोठा राहिला नाही. तेव्हा पैसे भरून टेलोमियरची लांबी मोजून घेण्यात सामान्य बाईचा फायदा नाही. पिको उसवलंय हे कळून ते पुन्हा शिवून देणारं दुकान अजून निघालेलं नाही.

७. चार जागी विरलेला कोट

मग उरतं काय? गोदामातली युक्ती: एका जागी न बघता चार जागी बघायचं.

ब्रूस मॅक्‌ईवन आणि एलियट स्टेलर यांनी १९९३ साली ही कल्पना मांडली. ताणाला तोंड देता देता शरीराच्या निरनिराळ्या व्यवस्थांवर जी एकत्रित झीज साचते, तिला त्यांनी ‘अ‍ॅलोस्टॅटिक लोड’ म्हटलं. १९९७ साली टेरेसा सीमन आणि सहकाऱ्यांनी ती मोजायला दहा खुणा घेतल्या: रक्तदाबाचा वरचा आणि खालचा आकडा, कंबर आणि नितंबाचं गुणोत्तर, चांगलं कोलेस्टेरॉल, एकूण कोलेस्टेरॉलशी त्याचं प्रमाण, एचबीएवनसी, लघवीतलं कॉर्टिसॉल, अ‍ॅड्रेनलिन आणि नॉरअ‍ॅड्रेनलिन, आणि डीएचईए-एस हे एक संप्रेरक.

गुण द्यायची पद्धत सोपी आहे. शंभर बायका रक्तदाबाप्रमाणे रांगेत उभ्या करा. सर्वांत जास्त रक्तदाबाच्या शेवटच्या पंचवीस जणींना एकेक गुण. मग कंबरेप्रमाणे रांग लावा, पुन्हा शेवटच्या पंचवीस जणींना गुण. चांगलं कोलेस्टेरॉल आणि डीएचईए-एस यांच्यात उलटं, कारण ते कमी असणं वाईट. दहा रांगा झाल्या की प्रत्येकीची बेरीज करा. समजा एकीचा रक्तदाब १३४, एचबीएवनसी ५.९, कंबर थोडी जास्त, चांगलं कोलेस्टेरॉल थोडं कमी. सुटा सुटा कागद बघितला तर डॉक्टर म्हणतील, “काठावर आहे, बघू सहा महिन्यांनी.” बेरजेत मात्र तिचे चार-पाच गुण होऊ शकतात.

अमेरिकेत आर्लीन जेरोनिमस यांनी २००६ साली याच पद्धतीने हिशेब मांडला, तेव्हा कृष्णवर्णीय बायकांची बेरीज सर्वांत जास्त भरली, आणि फक्त गरिबी धरून तो फरक मिटला नाही. ऊन-पावसात उभ्या असलेल्या दगडी भिंतीची झीज होते, तसं त्या या अवस्थेचं वर्णन करतात.

आपल्याकडे कंबर मोजणं विशेष महत्त्वाचं. पुण्याच्या केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांत आया आणि मुलांचा जो दीर्घ अभ्यास चालवला, त्यात दिसलं की आपली बाळं वजनाने कमी, पण त्या मानाने चरबीने भरलेली जन्मतात. बारीक हातपाय आणि पोटावर चरबी, हा आपला साचा. म्हणून काटकुळ्या बाईलाही “तुझं वजन कमी आहे, तुला काय होणार?” असं म्हणणं चूक आहे. शिवण्याची टेप बेंबीच्या पातळीला गुंडाळा. भारतीय बाईसाठी ८० सेंटिमीटरच्या पुढे सावध व्हायचं.

रक्तदाब, कंबर, साखर फक्त ताणाने वाढत नाहीत. मीठ, आनुवंशिकता, वय, पाळी जाण्याचा काळ, सगळ्यांचा त्यात वाटा असतो. म्हणून बेरीज जास्त आलेल्या बाईला “तू फार विचार करतेस” असं सांगणं जितकं चूक, तितकंच नुसती रक्तदाबाची गोळी देऊन घरी पाठवणं अपुरं. तिची झोप किती, घरी कोण आजारी आहे, कर्ज किती, कुणी हात उगारतं का, हे प्रश्न त्या बेरजेचाच भाग आहेत, आणि त्यांना सुई टोचावी लागत नाही.

गोव्यात याच मार्गाने पुढचं पाऊल टाकलं गेलं. थकवा मोजणाऱ्या पटेलांच्याच गटाने ‘मानस’ नावाचा प्रयोग केला, त्याचे निष्कर्ष २०१० साली आले. पदवीधर, पण वैद्यकीय पार्श्वभूमी नसलेल्या स्थानिक बायकांना दोन महिन्यांचं प्रशिक्षण देऊन दवाखान्यांत समुपदेशक म्हणून बसवलं. उदासी आणि चिंतेने ग्रासलेल्या रुग्णांशी त्या बोलत, हे दुखणं खरं आहे आणि त्याला नाव आहे असं समजावत, श्वासाचे व्यायाम शिकवत, घरातला पेच असेल तर कुणाकडे जायचं ते सांगत. सरकारी दवाखान्यांत सहा महिन्यांनी बरं वाटणाऱ्यांचं प्रमाण नेहमीच्या उपचारांपेक्षा स्पष्टपणे जास्त निघालं. तिथे येणाऱ्या बाईला टेबलापलीकडे आपल्याच बोलीत बोलणारी, आपल्याच गावाकडची एक बाई भेटत होती, आणि तिच्या हातात सलाईनची बाटली नव्हती.